नाकाने घेतलेली व्हॅन

पहिल्या व्हॅनचं दार सरकलं आणि आतून लिंबाचा वास आला. ताजा, चकचकीत, आत्ताच कुणीतरी सगळं पुसून गेलंय असं सांगणारा. खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे, छताच्या कडेने पिवळ्या दिव्यांची माळ, सिंकशेजारी कप टांगायला दोन पितळी हुक. तिसरा हुक कुठे लावायचा ते मी मनातल्या मनात ठरवूनसुद्धा टाकलं. विकणारा बाहेर उभा राहून, ही गाडी नाहीच, हे चालतंबोलतं घर आहे, असं सांगत होता आणि मी माना डोलवत होते. दादा अजून आत आलाच नव्हता. तो मागच्या चाकापाशी उकिडवा बसून कशाकडे तरी बघत होता.

शेवटी आला. दोन मिनिटं नुसता उभा राहिला. मग माझ्या कानाशी म्हणाला, "अगं, लिंबू सोड. लिंबाच्या मागे काय आहे ते हुंग."

मी पलंगाखालचा कप्पा उघडला आणि डोकं आत घातलं. तिथे लिंबू पोचलं नव्हतं. माळ्यावर वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवलेली गादी उलगडली की येतो तो वास होता, कुबट आणि थंड. दादाने खिडकीखालच्या फळीवर अंगठा ठेवला आणि दाबला. चहात बुडवलेल्या बिस्किटात जावा तसा अंगठा आत गेला. वरचा कागद अगदी धड होता, त्यावर डागही नव्हता. आतलं लाकूड मात्र केव्हाच गेलं होतं.

"थोडं मऊ पडलंय तिथे," विकणारा म्हणाला, "उन्हात ठेवली की सुकेल."

परत येताना मी दादाशी अर्धा तास बोलले नाही. माझं स्वप्न त्याने अंगठ्याने दाबून फोडलं असं मला तेव्हा वाटत होतं.

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. जुनी कॅम्पर व्हॅन पाहावी घेऊन, हे त्यात कुणी जोडलं नाही, पण ह्या तिसऱ्या प्रकारात आधीचे दोन्ही आले. छत, पाणी, वायरिंग, गॅस ही घराची सगळी दुखणी, आणि वर कुणाचा तरी भूतकाळ गळ्यात. आपण एका किमतीत दोन जुन्या वस्तू घेत असतो, एक गाडी आणि एक घर. दोन्ही आपापल्या गतीने म्हातारी होतात. इंजिनवाल्याला घरातलं कळत नाही, सुताराला इंजिनातलं कळत नाही, आणि विकणारा आपल्याला कायम त्यातल्या चांगल्या निम्म्याकडेच वळवत असतो.

माझ्याकडे पैसे थोडे होते. किती, ते सांगून उपयोग नाही, कारण ज्याचे त्याचे थोडे वेगळे. पण हिशेब सगळ्यांना सारखाच लागू पडतो. दादाने एका पाकिटाच्या पाठीवर माझ्या जमा रकमेचे तीन भाग केले. दोन भागांत व्हॅन. तिसऱ्याला गाडी दारात उभी राहीपर्यंत हात लावायचा नाही. मला तो कागद बघून राग आला होता, कारण तिन्ही भाग एकत्र केले तर लिंबाची व्हॅन येत होती आणि दोन भागांत जे येत होतं ते फोटोतसुद्धा बरं दिसत नव्हतं. पुढे तो तिसरा भाग टायमिंग बेल्ट नावाचा इंजिनातला रबरी पट्टा, चार टायर, एक बॅटरी आणि विमा ह्यांत कापरासारखा उडाला. उरलं ते ज्यांची नावंही मला माहीत नव्हती अशा रबराच्या तुकड्यांत गेलं. स्वस्त गाडीची किंमत विकत घेतल्यानंतरच्या तीन महिन्यांत कळते.

ह्या हौसेचा उगम शोधायला गेलं तर १८८५ सालच्या एका स्कॉटिश डॉक्टरापाशी पोचता येतं. विल्यम गॉर्डन स्टेबल्स, आरमारातले माजी सर्जन. त्यांनी निव्वळ मौजेखातर राहती गाडी बांधून घेतली, दोन घोडे जुंपलेली, जवळजवळ दोन टन वजनाची. बरोबर एक गाडीवान, एक कुत्रा, एक पोपट, आणि पुढे तीनचाकी सायकलवरून रस्ता मोकळा करत जाणारा नोकर. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण ह्या विंचवाच्या बिऱ्हाडात नोकरही होता. मला ते वाचून हायसं वाटलं. म्हणजे हा उद्योग मुळातच थोड्या पैशांचा नव्हता, आपण उगाच स्वतःला दोष देत होतो.

गोल तोंडाच्या फोक्सवॅगनने तो सामान्य माणसाच्या आटोक्यात आणला. बेन पॉन नावाच्या डच आयातदाराने १९४७ मध्ये आपल्या वहीत एका खोक्याचं रेखाटन केलं. १९५० मध्ये ती गाडी कारखान्यातून बाहेर पडू लागली, आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया कंपनीने तिच्यात बसवता आणि काढता येईल असं राहण्याचं सामान तयार केलं. सुरुवातीचं इंजिन जेमतेम २५ अश्वशक्तीचं. ब्राझीलमध्ये ती २०१३ पर्यंत बनत होती. आज तिची नीट राखलेली जुनी प्रत हौशी लोक दागिन्यासारखी जपतात आणि विकतातही दागिन्यासारखीच. माझ्या दोन भागांत तिचा फक्त फोटो आला असता. तेव्हा तिचा नाद मी पहिल्याच आठवड्यात सोडला. माल वाहणारी साधी उंच व्हॅन, जिच्या आत कुणीतरी नंतर पलंग आणि ओटा बसवलाय, तीच शोधायची असं ठरलं.

त्या कुबट वासाबद्दल नंतर मी वाचत बसले. वळवाचा पहिला पाऊस पडला की मातीचा जो वास येतो, ज्याच्यावर आपण एवढ्या कविता केल्या, तो मृद्गंध. त्यातला मुख्य घटक जिऑस्मिन, मातीतले सूक्ष्म जीव तयार करतात. माणसाचं नाक त्याच्या बाबतीत फार तिखट आहे. पाण्यात लाख कोटी भागांत काही मोजके भाग असले तरी कळतो. आणि गंमत अशी की पाणी मुरलेल्या, बुरशी धरलेल्या लाकडाच्या वासातही ह्याच जिऑस्मिनचा हात असतो. अंगणात आला की मृद्गंध, पलंगाखाली आला की कुबट. नाक तेच. म्हणजे ज्या वासाने आपण हरखतो त्यानेच आपल्याला सावधही करायचं, अशी सोय निसर्गाने केली आहे, आणि तिच्यावर लिंबाचं पाणी शिंपडण्याची सोय माणसाने.

व्हॅनच्या छताला जेवढी भोकं तेवढ्या गळतीच्या जागा. हवेची झडप, सोलर पॅनेलचे स्क्रू, वायर आत घेतली ती जागा, खिडक्यांच्या चौकटी. कारखान्यातून निघालेल्या पत्र्याला पाण्याचं वावडं नसतं. ही भोकं नंतर पाडलेली असतात, आणि त्यांच्याभोवतीचं सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा रबरी लेप, ऊन खाऊन खाऊन कडक होतं, तडकतं. गाडी तर सतत हलणारी. पाणी आत शिरलं की थेट खाली पडत नाही, छताच्या कण्याकण्याने वाट काढत भलतीकडेच उतरतं. डाग दिसतो तिथे भोक नसतं. लाकडातली ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं, दोन टोकं फळीला टेकवायची. १५ टक्क्यांच्या आत आकडा आला तर ठीक. २० च्या वर गेला तर पाणी कुठून तरी येतंय. ३० च्या पुढे गेला की फळी नाही, आतली चौकटच खराब झालेली असण्याचा संभव. मी ते यंत्र उसनं आणलं आणि पुढचे दोन महिने लोकांच्या गाड्यांना इंजेक्शन दिल्यासारखी टोचत फिरले.

त्या दोन महिन्यांत अकरा गाड्या पाहिल्या. सगळ्यांची कहाणी सांगत नाही. त्यातल्या सहा तर रस्त्याच्या पलीकडूनच बाद झाल्या.

एका ठिकाणी आम्ही पोचलो तेव्हा गाडी सुरूच होती. "तुमच्यासाठी तापवून ठेवली," मालक प्रेमाने म्हणाला. दादाने बॉनेटवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. जुन्या डिझेल इंजिनाची खरी परीक्षा थंड असताना सुरू होण्यातच असते. किती वेळ कुरकुरतं, सुरू झाल्यावर खडखडतं का, धूर कोणत्या रंगाचा येतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबला नाही आणि त्याला गोडसर वास असेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आत शिरतंय. तापलेलं इंजिन ह्यातलं बरंच पोटात ठेवतं. आधी फोन करून "गाडी सुरू करू नका हं" असं सांगायचं असतं, आणि पोचल्यावर पहिला हात बॉनेटलाच लावायचा असतो. आम्ही त्या माणसाचा चहा घेतला आणि निघालो.

दुसऱ्या एका गाडीवर दादाने खिशातून फ्रिजवरचं मॅग्नेट काढलं. माझ्याच फ्रिजवरचं, किंगफिशर पक्ष्याचं, ते त्याने कधी उचललं मला कळलं नव्हतं. दाराखालच्या पट्टीवर ते सरकवत नेलं. चिकटत, चिकटत, चिकटत, आणि एका वीतभर जागेत टपकन खाली पडलं. तिथे पत्रा नव्हता, पुट्टी भरून वर रंग मारला होता. गंज वरवरचा असेल तर घासून, रंगवून थांबतो. पण दाराखालचा कणा, चाकांच्या कमानी, काचेच्या रबराखालची कड आणि जॅक लावायच्या जागा, इथे आरपार खाल्लेला पत्रा म्हणजे गाडीचा सांगाडाच पोखरलेला. इंजिन बदलता येतं. सांगाडा बदलत बसायला आपण कोण, टाटा की बिर्ला?

तिसरीच्या कागदावरचा चासी नंबर आणि काचेखालचा नंबर जुळेना. सतरा अक्षरी नंबर असतो तो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत, एक आणि शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून. ह्या गाडीच्या कागदावर चक्क ओ होता. "टायपिंगची चूक," मालक म्हणाला. असेलही. आम्ही चूक दुरुस्त होईपर्यंत थांबायचं ठरवलं, आणि अजून थांबलोच आहोत.

मग काकांची गाडी.

जाहिरातीत एकच फोटो होता आणि तोही तिरका. रंग धुतल्या वहाणेसारखा. पुढच्या बंपरचा एक कोपरा चेपलेला. पोचलो तेव्हा काका दारात खुर्ची टाकून बसले होते, उठले नाहीत. गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "आधी बघून घ्या. मग मी दोष सांगतो. माझ्या यादीतलं तुम्हाला किती सापडतं बघू."

दार उघडलं. म्हाताऱ्या कुत्र्याचा वास आला. त्याच्या मागे डिझेलचा, त्याच्या मागे साबणाचा. मी पलंगाखाली डोकं घातलं आणि हुंगत राहिले. कुत्रा, डिझेल, साबण. कपाटात गेले, सिंकखाली गेले, चाकावरच्या कप्प्यात हात घालून बोटं नाकाशी आणली. धूळ. कुबट काही नाही. यंत्र टोचलं, ११, १२, १२, मागच्या दाराशी १६.

दादा गाडीखाली गेला तो वीस मिनिटं बाहेर आला नाही. नुसते पाय दिसत होते आणि मधूनमधून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पत्र्यावर टकटक ऐकू येत होती. चांगला पत्रा टणटण वाजतो, गेलेला पत्रा धप्प करतो. टणटण चालू होती. काका डोळे मिटून ऐकत होते, गाण्याच्या बैठकीला बसल्यासारखे. एका जागी आवाज बदलला. काका डोळे न उघडता म्हणाले, "डावी मागची कमान ना? पाच वर्षांपूर्वी तुकडा जोडलाय. वेल्डिंग आहे, पुट्टी नाही."

आणि मग त्यांनी मांडीवरची वही मला दिली.

लांबट, कापडी बांधणीची वही. पहिल्या पानावर गाडी घेतल्याची तारीख, १८ वर्षांपूर्वीची. त्यानंतर ओळीखाली ओळ. ऑइल कधी बदललं, किती किलोमीटरला. ब्रेकचे पॅड. टायर कधी घातले. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे २३१४ असेल तर टायर २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. काकांनी तेही आकडे उतरवून ठेवले होते. मी उभ्याउभ्याच वाचायला लागले आणि वाचतच राहिले, कारण मधूनमधून अशा ओळी होत्या:

"पाणी डाव्या कोपऱ्यातून येतं असं वाटलं. सगळं उकललं. उजव्या कोपऱ्यातून येत होतं."

"बॅटरी मेली. दिवा माझ्याकडूनच चालू राहिला. हिला सांगितलेलं नाही."

"छतावरचं जुनं सीलंट सगळं खरवडलं. नवं भरलं. दोन दिवस गाडी झाकून ठेवली."

"आज आमचं भांडण. गाडीचा संबंध नाही."

शेवटच्या दोन वर्षांत नोंदी विरळ होत गेल्या होत्या. महिन्यातून एकदा इंजिन सुरू केल्याची तेवढी नोंद. शेवटची ओळ कुत्र्याबद्दल होती, ती इथे लिहीत नाही.

मग काकांनी दोष सांगितले. टायमिंग बेल्टचे किलोमीटर शिल्लक आहेत, पण वर्षं भरली. रबरच ते, न चालवताही पिकतं. तुटला तर अशा इंजिनात पिस्टन आणि वाल्व एकमेकांवर आदळतात आणि मग दुरुस्त करण्यापेक्षा दुसरं इंजिन घालणं परवडतं. चारही टायर बाद, नक्षी दिसतेय म्हणून फसू नका. घरातली बॅटरी दमली आहे. मागच्या दाराचं रबर बदलायला झालंय, १६ आकडा आला तो त्याच्यामुळे. हँडब्रेक चढावर एक दात जास्त मागतो. आमच्या यादीत ह्यातलं सगळं नव्हतं. आमच्याकडे चेपलेला बंपर होता, तो ते सांगायला विसरले होते.

घासाघीस करायची मी मनाशी बरीच तयारी केली होती. आरशासमोर दोनतीन वाक्यंही म्हणून पाहिली होती. पण ज्याने स्वतःच सगळं पुढ्यात मांडलं त्याच्याशी घासाघीस कशी करायची? दादाने बेल्ट आणि टायर ह्यांचा खर्च मोठ्याने मोजला, काकांनी त्यातला बेल्ट किमतीतून वजा केला, टायर नाही. "टायर कुणालाही घालावेच लागले असते," म्हणाले. मला ते पटलं नाही, पण बोलता आलं नाही. किल्ल्यांबरोबर वही आली. ती मागायची मला लाज वाटत होती. त्यांनीच वर ठेवली.

गाडी घेतल्यावर नाकाची पुढची शाळा सुरू झाली. घाटात क्लच जळाल्याचा वास. गोडसर वास आला तर कूलंट. सडक्या अंड्यांचा वास आला तर शिशाच्या बॅटरीला चार्जर अति देतोय, ताबडतोब बंद करून खिडक्या उघडायच्या. आणि गॅस. स्वयंपाकाच्या गॅसला खरं तर स्वतःचा वास नसतो, तो मुद्दाम मिसळलेला असतो. १९३७ मध्ये टेक्सासमधल्या न्यू लंडन इथल्या शाळेत तळघराच्या पोकळीत नैसर्गिक वायू साचत राहिला, वास नसल्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही, आणि स्फोटात जवळजवळ ३०० जीव गेले. त्यातली बहुतेक मुलं. त्यानंतर तिथे गॅसला वास देणं कायद्याने सक्तीचं झालं. ओट्याशी तो ओंगळ वास आला की मी नाक मुरडायच्याऐवजी आता थबकते. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असल्याने तळाला साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला खाली भोक लागतं, थेट गाडीबाहेर उघडणारं. आधीच्या एका व्हॅनमध्ये ते भोक थंडी येते म्हणून कुणीतरी फडक्याने बुजवलेलं पाहिलं होतं. ती व्हॅन आम्ही घेतली नाही, पण फडकं तेवढं काढून आलो.

एका ठिकाणी मात्र नाक साफ हरतं. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, घशाला झोंबणं नाही. बंद गाडीत शेगडीवर ऊब घेत झोपलेला माणूस झोपेतच जातो. म्हणून तिसऱ्या भागातली पहिली खरेदी टायरही नव्हती आणि बेल्टही नव्हता. मुठीएवढा अलार्म होता, पलंगाच्या उशाशी. त्याची चाचणी घेताना असा किंचाळला की दादाचं डोकं कपाटाला आपटलं.

वीज हा भाग मला कंटाळवाणा वाटतो, म्हणून थोडक्यात. शिशाच्या बॅटरीवर १०० अँपिअर-तास लिहिलेलं असलं तरी वापरायचे ५०, नाहीतर ती लवकर मरते. पूर्ण भरलेली असताना निवांत स्थितीत मीटरवर १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ च्या आसपास आली की अर्धी संपली समजायचं. मी फ्रिज काढून टाकला. आधी खूप गरजेचा वाटला होता.

वजनाचं मात्र सांगायलाच हवं, कारण ते कुणी सांगत नाही. प्रत्येक गाडीला जास्तीत जास्त किती वजनाने रस्त्यावर यायची परवानगी आहे ते ठरलेलं असतं. आत पलंग, ओटा, कपाटं बसवली की त्यातलं बरंचसं आधीच संपलेलं असतं. पाणी लिटरला एक किलो, म्हणजे भरलेली टाकी एखाद्या जाड्या पाहुण्याएवढी. युरोपात साध्या परवान्यावर ३५०० किलोपर्यंतची गाडी चालवता येते आणि तिथले पुष्कळ कॅम्परवाले ह्या आकड्याला डोकं टेकवून जगतात. मी पहिल्या प्रवासाआधी सगळं सामान भरून गाडी वजनकाट्यावर नेली. काट्यावरच्या माणसाने खिडकीतून डोकावून विचारलं, "माल काय आहे?" मी म्हटलं, "संसार." त्याने पावतीवर "इतर" लिहिलं. आकडा मर्यादेच्या आत होता, पण अशा बेताने की घरी येऊन मी ओतीव लोखंडाचा तवा, पुस्तकांचं एक खोकं आणि फोल्डिंगच्या चारपैकी दोन खुर्च्या उतरवल्या. आम्ही माणसं दोनच होतो. चार खुर्च्या कशाला घेतल्या होत्या, आता आठवत नाही.

सगळं सुरळीत होतं आणि तेच मला सोसवलं नाही. छताला हवेची झडप हवी असं माझ्या डोक्यात आलं. रात्री दोन माणसांच्या श्वासाने सकाळी काचा ठिबकतात, झडपेने ओल बाहेर जाईल, हे कारण खरंच होतं. दादा म्हणाला, खिडकी बोटभर उघडी ठेव. मी ऐकलं नाही. १८ वर्षं धड राहिलेल्या छताला मी एका रविवारी जिगसॉने चौकोनी भोक पाडलं. कापलेल्या कडेला गंजरोधक रंग लावला, चौकट बसवली, सीलंट भरलं, स्क्रू पिळले. फार अभिमान वाटला. वहीत माझ्या अक्षरातली पहिली नोंद केली, तारखेसकट, आणि खाली रेघही मारली.

दोन महिन्यांनी, एका डोंगराच्या पायथ्याशी, रात्री पाऊस लागला. पत्र्यावरचा पाऊस ऐकत झोपण्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. तासाभराने कपाळावर थेंब पडला. मग दुसरा. मी उठून बसले आणि पहिला विचार मनात आला तो काकांबद्दलचा, आणि तो चांगला नव्हता. टॉर्च लावला. झडपेच्या उजव्या कोपऱ्याशी ओल चमकत होती, तिथून थेंब लोंबत लोंबत उशीवर येत होता. खाली पातेलं लावलं आणि टप, टप ऐकत पहाट केली.

सकाळी काकांना फोन केला. झडप बसवल्याचं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता.

"कुठून येतंय?"

"उजव्या कोपऱ्यातून, काका. डोळ्यांनी बघितलं."

"मग डावीकडे बघ."

शिडी लावून वर चढले. उजवीकडचं सीलंट सलग होतं, नखाने उचलून पाहिलं तरी सुटेना. डावीकडे गेले. कोपऱ्यापासून चौथ्या स्क्रूभोवती काहीच नव्हतं, नुसता स्क्रू आणि उघडा पत्रा. तिथे पोचले तेव्हा ट्यूब संपली होती, ते आठवलं. रविवार होता, दुकानं बंद होती, आणि एका स्क्रूने काय होतंय असं मीच म्हटलं होतं. मोठ्याने म्हटलं होतं, दादासमोर.

पाऊस थांबल्यावर छत पुसून कोरडं केलं आणि नवी ट्यूब आणायला निघाले. दोन आणल्या.